आर्थर क्रॉफर्ड

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड (१८३५ – १९११) हे मुंबई इलाख्यातील ब्रिटिश सनदी अधिकारी होते. १८६५च्या कायद्यानुसार नेमलेले मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून ते ओळखले जातात. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. पुढे पुणे येथे मध्य विभागाचे कमिशनर असताना मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी पैसे घेतल्याचे आरोप त्यांच्यावर झाले. १८८८-८९ मधील ही चौकशी महाराष्ट्राच्या इतिहासात क्रॉफर्ड प्रकरण या नावाने ओळखली जाते. चौकशी आयोगाने त्यांना लाचखोरीच्या आरोपांतून मुक्त केले, परंतु आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्यांना दोषी ठरवले. त्यानंतर त्यांना सरकारी सेवेतून दूर करण्यात आले. या प्रकरणात साक्ष दिलेल्या मामलेदारांच्या बचावासाठी लोकमान्य टिळक यांनी केलेली चळवळ हे त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सुरुवातीच्या मोठ्या कार्यांपैकी एक मानले जाते.

सुरुवातीची कारकीर्द

क्रॉफर्ड यांनी १८५४मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीची राजवट असताना, मुंबईच्या मुलकी सेवेत प्रवेश केला. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे कोकणात गेली. कोकणातील गावे, किल्ले, दंतकथा आणि तेथील लोकांच्या चालीरीती यांविषयी त्यांना वाटणारी आस्था त्यांच्या पुढील लेखनातही दिसून येते. कामाचा झपाटा, धडाडी आणि मोठ्या योजना आखण्याची हौस यांमुळे ते लवकरच वरिष्ठांच्या नजरेत भरले. त्याचबरोबर सढळ हाताने खर्च करणारे अधिकारी अशीही त्यांची ख्याती झाली.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर

पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथून इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा थांबला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला. या काळात शहरात पैशाचा पूर आला, नव्या बँका व कंपन्या निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या योजनांच्या समभागांवर सट्टा सुरू झाला. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ इतकी भरली. एवढ्या लोकसंख्येला पुरेल अशी गटारे, रस्ते, बाजार व सफाईची व्यवस्था शहरात नव्हती. कॉलरा व तापाच्या साथी वारंवार येत. १८५८पासून शहराचा कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे होता, मात्र जबाबदारी विभागलेली असल्यामुळे निर्णय होत नसत.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६५चा दुसरा कायदा संमत झाला. त्याने शहरातील जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाला नगरपालिकेचे स्वरूप दिले आणि संपूर्ण कार्यकारी सत्ता एकाच कमिशनरच्या हाती सोपवली. कमिशनरची नेमणूक सरकार तीन वर्षांसाठी करत असे. त्याच्या जोडीला आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि हिशेब तपासनीस ही पदे निर्माण झाली. जुलै १८६५मध्ये, वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी, क्रॉफर्ड या पदावर आले. त्याच सुमारास अमेरिकेतील युद्ध संपल्यामुळे कापसाचे भाव कोसळले होते. समभागांचा बाजार बुडाला आणि शहरातील अनेक धनाढ्य घराणी दिवाळखोरीत निघाली. त्यामुळे नव्या कमिशनरला मोठ्या सुधारणा अशा वेळी हाती घ्याव्या लागल्या, जेव्हा करदात्यांची ऐपत झपाट्याने घटत होती.

सुधारणा

क्रॉफर्ड यांनी आरोग्य अधिकारी डॉ. थॉमस ह्यूलेट यांच्या साहाय्याने शहराच्या सफाईची मोहीम उघडली. तुंबलेली गटारे उपसण्यात आली, सखल जागा भरण्यात आल्या आणि दाट वस्तीतून नवे रस्ते काढून जुने रस्ते रुंद करण्यात आले. शहराच्या मध्यभागी असलेले कत्तलखाने वांद्र्याकडे हलवण्यात आले. दुर्गंधी पसरवणारे व्यवसाय वस्तीबाहेर नेण्यावर त्यांनी भर दिला. मैला व कचरा वाहून नेण्याच्या कामावर पालिकेची देखरेख आली. रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेही त्यांच्याच कारकिर्दीच्या प्रारंभी, १८६५मध्ये.

जमिनी ताब्यात घेणे, घरे पाडणे, व्यवसाय हलवणे अशा कामांत ते विरोधाची फारशी तमा बाळगत नसत. पुढे मुंबई महापालिकेच्या कारभाराचा इतिहास लिहिणारे दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हा काळ स्वतः पाहिला होता. क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीची नोंद घेऊनही आधुनिक मुंबईच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घालणारा अधिकारी म्हणून त्यांनी क्रॉफर्ड यांना श्रेय दिले आहे.

क्रॉफर्ड मार्केट

फळे, भाजीपाला, मांस आणि मासळी यांची विक्री एका स्वच्छ, हवेशीर व देखरेखीखालील जागेत व्हावी या हेतूने क्रॉफर्ड यांनी एस्प्लनेडच्या उत्तर टोकाला मोठी मंडई उभारण्याचे काम हाती घेतले. वास्तुविशारद विल्यम इमर्सन यांनी तिचा आराखडा केला. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची उठावशिल्पे तसेच आतील कारंजे यांची रचना सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांनी केली. लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे पुत्र होत. ही मंडई १८६९मध्ये पूर्ण झाली. १८८२मध्ये तेथे विजेचे दिवे लावण्यात आले.

खर्च आणि करदात्यांचा रोष

१८६५च्या कायद्यानुसार अर्थसंकल्पाला जस्टिसांच्या मंडळाची मंजुरी लागत असे, परंतु प्रत्यक्षात त्यांचा कमिशनरवर परिणामकारक अंकुश नव्हता. मंडळाच्या सभांना उपस्थिती अल्प असे. अनेक कामे मंजुरीपूर्वीच सुरू होत आणि अंदाजपत्रकाबाहेर जात. हिशेब तपासनीसाचे पद असूनही खर्चाला वेळीच आळा बसला नाही. घरपट्टी व इतर कर वाढत गेले, तरीही पालिकेची तूट भरून निघेना. १८७१पर्यंत पालिका आर्थिक संकटात सापडली.

या कारभाराविरुद्ध १८७१मध्ये जस्टिसांच्या मंडळात व शहरात जोरदार चळवळ उभी राहिली. व्यापारी जेम्स फोर्ब्स हे टीकाकारांचे पुढारी होते. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे हिंदी पुढारीही करदात्यांच्या बाजूने उभे राहिले. क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

नोव्हेंबर १८७१मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये पालिका सुधारणेच्या प्रश्नावर सभा झाली. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता यांनी तेथे निबंध वाचला. श्रोत्यांचा रोष ओढवून घेऊनही त्यांनी क्रॉफर्ड यांच्या कामगिरीची बाजू मांडली. त्यांच्या मते दोष एका अधिकाऱ्यापेक्षा पद्धतीत अधिक होता. सरकारने निवडलेले जस्टिस कोणालाही उत्तरदायी नव्हते, म्हणून ते कमिशनरवर लक्ष ठेवू शकले नाहीत. कार्यकारी सत्ता एका सक्षम अधिकाऱ्याकडेच असावी, मात्र तिच्यावर करदात्यांनी निवडून दिलेल्या मंडळाचा अंकुश असावा, असा त्यांचा आग्रह होता.

१८७२च्या तिसऱ्या कायद्याने या दिशेने पाऊल टाकले. मुंबई महापालिका ६४ सभासदांची झाली. त्यांपैकी ३२ सभासद करदाते निवडून देऊ लागले, १६ जस्टिसांकडून निवडले जात आणि १६ सरकार नेमत असे. अशा रीतीने क्रॉफर्ड यांच्या अनियंत्रित कारभाराची परिणती मुंबईत निवडणुकीचे तत्त्व रुजण्यात झाली.

विभागीय कमिशनर

मुंबई सोडल्यानंतर क्रॉफर्ड पुन्हा जिल्हा प्रशासनात गेले आणि कोकणात कलेक्टर म्हणून राहिले. पालिकेच्या कारभारावरून उठलेल्या वादळाचा त्यांच्या बढतीवर परिणाम झाला नाही. पुढे ते पुणे येथे मध्य विभागाचे कमिशनर झाले. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक आणि खानदेश हे जिल्हे या विभागात मोडत.

विभागाच्या महसूल व्यवस्थेत कमिशनरचे स्थान कलेक्टरांच्या वर होते. तालुक्याचा प्रमुख असलेल्या मामलेदाराची नेमणूक, बढती आणि बदली कमिशनरच्या मर्जीवर अवलंबून असे. मामलेदार हा महसूल अधिकारी होता, तसेच त्याला दंडाधिकाऱ्याचेही अधिकार असत. त्या काळी इंग्रजी शिकलेल्या हिंदी तरुणाला सरकारी नोकरीत गाठता येण्याजोग्या मानाच्या पदांपैकी हे एक होते. एखाद्या गैरसोयीच्या, हवा वाईट असलेल्या तालुक्यात बदली होणे म्हणजे मामलेदाराच्या कुटुंबावर मोठे संकट असे.

क्रॉफर्ड अनेक वर्षांपासून कर्जबाजारी होते आणि ही गोष्ट गुप्त नव्हती. त्यांची राहणी खर्चिक होती, आणि सावकारांपासून सरदार-संस्थानिकांपर्यंत अनेकांकडून त्यांनी रकमा उसन्या घेतल्या होत्या. हणमंतराव राघवेंद्र जहागीरदार नावाचे गृहस्थ त्यांचे विश्वासू मध्यस्थ म्हणून विभागात वावरत असत. बढती हवी असेल किंवा नकोशी बदली टाळायची असेल, तर हणमंतरावांकडे पैसे पोहोचवावे लागतात, अशी कुजबुज पुण्यात व आसपासच्या जिल्ह्यांत सुरू झाली.

क्रॉफर्ड प्रकरण

चौकशीची सुरुवात

१८८८च्या मध्यास गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने या तक्रारींची चौकशी पोलीस महानिरीक्षक ओमॅनी यांच्याकडे सोपवली. प्रथम हणमंतराव यांना अटक झाली. त्यांच्यावर पुण्यात खटला चालून त्यांना कारावासाची शिक्षा झाली. दरम्यान क्रॉफर्ड यांना निलंबित करण्यात आले. त्यांनी पुण्यातून गुपचूप निघून जाण्याचा प्रयत्न केला, पण मुंबईत ते सापडले. या घटनेमुळे प्रकरणाचा गाजावाजा हिंदुस्थानात तसेच इंग्लंडमध्येही झाला.

सरकारपुढील मुख्य अडचण पुराव्याची होती. असल्या व्यवहाराची माहिती फक्त देणारा, घेणारा आणि मध्यस्थ यांनाच असते. देणारे स्वतः मामलेदार होते, आणि लाच दिल्याची कबुली देणे म्हणजे स्वतःवर खटला व नोकरीची हानी ओढवून घेणे होते. म्हणून लॉर्ड रे यांच्या सरकारने, जे खरी साक्ष देतील त्यांच्यावर कारवाई होणार नाही आणि त्यांची नोकरी जाणार नाही, असे अभयवचन दिले. त्यावर विसंबून अनेक मामलेदार साक्ष देण्यास पुढे आले.

आयोग आणि निर्णय

१८५०च्या सार्वजनिक नोकर चौकशी कायद्याखाली त्रिसदस्य आयोग नेमण्यात आला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन हे त्याचे अध्यक्ष होते, तर क्विंटन आणि क्रॉस्थवेट हे सदस्य होते. आयोगाचे कामकाज ऑक्टोबर १८८८मध्ये पुण्यात सुरू झाले आणि पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत चालले. क्रॉफर्ड यांच्या वतीने मुंबईचे नामांकित बॅरिस्टर इन्व्हरॅरिटी यांनी काम पाहिले.

बचाव पक्षाचा रोख साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर होता. लाच दिल्याचे मान्य करणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्यातील साथीदार ठरतो, आणि अभयवचन मिळालेल्या साथीदाराच्या शब्दावर दुसऱ्याला दोषी ठरवणे धोक्याचे असते, असे प्रतिपादन करण्यात आले. हणमंतरावांनी क्रॉफर्ड यांच्या नावावर स्वतःसाठीच पैसे उकळले असावेत, अशीही मांडणी झाली. आयोगाला लाचखोरीचे आरोप सिद्ध झाल्याचे वाटले नाही. मात्र आपल्या विभागातील लोकांकडून, नियमांचे उल्लंघन करून, कर्जे घेतल्याचा ठपका त्याने कायम केला.

मुंबई सरकारने आयोगाचा निष्कर्ष मान्य केला नाही. लॉर्ड रे व त्यांच्या सल्लागारांच्या मते लाचखोरीचे अनेक आरोप पुराव्याने शाबीत झाले होते. अखेरचा निर्णय भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्याकडे गेला. त्यांनी लाचखोरीबाबत आयोगाचा निर्णय उचलून धरला, परंतु कर्जांच्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून काढून टाकण्यास संमती दिली.

मामलेदारांचा प्रश्न

क्रॉफर्ड यांच्यापुरते प्रकरण संपले, तेव्हा साक्ष दिलेल्या मामलेदारांचे प्रकरण सुरू झाले. लाच दिल्याची जाहीर कबुली देणारे लोक दंडाधिकारी म्हणून न्यायदान कसे करू शकतात, असा प्रश्न इंग्लंडमधील वृत्तपत्रांत व पार्लमेंटमध्ये विचारला जाऊ लागला. पदांच्या खरेदी-विक्रीस बंदी करणाऱ्या एका जुन्या इंग्रजी कायद्यानुसार पैसे देऊन मिळवलेले पद धारण करण्यास मनुष्य अपात्र ठरत असे. या कायद्यामुळे लॉर्ड रे यांनी दिलेले अभयवचन पाळता येईल की नाही, याविषयीच शंका निर्माण झाली. ज्यांनी दडपणाखाली पैसे दिले आणि ज्यांनी स्वतःच्या लाभासाठी दिले, असा भेद करून दुसऱ्या गटातील मामलेदारांना सेवेतून दूर करण्याचे धोरण वरिष्ठ पातळीवर ठरले. १८८९मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. तरी गमावलेल्या नोकऱ्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही.

यामुळे महाराष्ट्रात तीव्र असंतोष पसरला. आरोपी वरिष्ठ युरोपियन अधिकारी लाचखोरीच्या आरोपांतून सुटतो, आणि सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून सत्य सांगणारे कनिष्ठ हिंदी अधिकारी नोकरी गमावतात, ही गोष्ट लोकांना अन्यायाची वाटली. बाळ गंगाधर टिळक यांनी केसरीतून हा प्रश्न लावून धरला. एकदा दिलेले वचन सरकारने मोडले, तर यापुढे कोणताही सामान्य नोकर वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. महादेव बल्लाळ नामजोशी हे या कामात त्यांचे सहकारी होते. १८८९मध्ये पुण्यात जाहीर सभा घेण्यात आली, आणि पार्लमेंटमध्ये प्रश्न उपस्थित व्हावा यासाठी विल्यम डिग्बी यांसारख्या इंग्लंडमधील सहानुभूतिदारांशी संपर्क साधण्यात आला. टिळकांनी या प्रकरणाच्या कायदेशीर बाजूचा बारकाईने अभ्यास केला होता, त्यामुळे मामलेदारांचे सल्लागार म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. या चळवळीत लॉर्ड रे यांच्या हेतूविषयी टिळकांच्या गोटात फारसा संशय नव्हता. रोष होता तो मुख्यतः त्यांचे वचन पाळू न देणाऱ्या वरिष्ठ सत्तेवर.

उत्तरायुष्य व लेखन

सेवेतून दूर झाल्यावर क्रॉफर्ड यांनी लेखनात लक्ष घातले. एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींच्या स्वरूपातील त्यांचे पुस्तक १८९४मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुंबई इलाख्यातील गुन्हे, गुन्हेगार आणि तपास यांचे वर्णन आहे. १८९७मध्ये, पुण्यातील प्लेगची साथ आणि रँड यांच्या हत्येनंतर, त्यांनी पुणे व दख्खनमधील अस्वस्थतेवर पुस्तक लिहिले. त्यात पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांविषयी त्यांची कटुता उघडपणे प्रकट होते. स्वतःच्या पतनाचा संबंधही ते या वर्गाच्या कारस्थानाशी जोडत. कोकणातील दंतकथांवरील त्यांचे पुस्तक मात्र निराळ्या वळणाचे आहे. त्यात तरुणपणी पाहिलेल्या प्रदेशाविषयीचा जिव्हाळा आढळतो. १९११मध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

क्रॉफर्ड यांच्याविषयीची मते परस्परविरोधी आहेत. मुंबईच्या नागरी इतिहासात ते कर्तबगार प्रशासक म्हणून येतात, तर पुण्याच्या राजकीय इतिहासात भ्रष्ट सत्तेचे प्रतीक म्हणून. दोन्ही कालखंडांत काही बाबी समान दिसतात. दोन्ही ठिकाणी फार मोठी सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटली होती. दोन्ही ठिकाणी त्या सत्तेवर देखरेख ठेवणारी यंत्रणा कागदावर असूनही दुबळी होती. मुंबईत या स्थितीतून पालिकेचे कर्ज वाढले, आणि पुण्यात अधिकाऱ्याच्या खासगी कर्जाचा भार मामलेदारांवर पडल्याचा आरोप झाला.

लाचखोरीच्या आरोपांतून आयोगाने त्यांना मुक्त केले असले, तरी मुंबई सरकारचे मत उलट होते, आणि हणमंतराव यांना शिक्षाही झाली होती. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक लेखकांनी त्यांना निर्दोष मानलेले नाही. या प्रकरणातून पुढे आलेला साक्षीदारांच्या संरक्षणाचा प्रश्न नंतरही महत्त्वाचा राहिला. भ्रष्टाचार उघड करण्यासाठी ज्यांची साक्ष अपरिहार्य असते, त्यांनाच शिक्षा झाली, तर पुढील गुन्हे उजेडात येण्याचा मार्ग बंद होतो, हे क्रॉफर्ड प्रकरणाने दाखवून दिले.

क्रॉफर्ड प्रकरण सुरू झाले त्याच वर्षी, १८८८मध्ये, मुंबई महापालिकेचा नवा कायदा संमत झाला. त्याने सभासदसंख्या ७२ केली, आणि कमिशनर व निर्वाचित महापालिका यांच्या अधिकारांची विभागणी निश्चित केली. या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. वेळोवेळी दुरुस्त्या होऊन तो कायदा आजही लागू आहे.

वारसा

मुंबईतील मंडईला अधिकृतपणे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले असले, तरी लोकांच्या बोलण्यात क्रॉफर्ड मार्केट हे नाव टिकून आहे. पुण्यातील मंडईचा इतिहासही याच्याशी समांतर आहे. १८८६मध्ये खुली झालेली ही मंडई गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जात असे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी मंडईवरील खर्चाला विरोध केला होता. पुढे तिलाही महात्मा फुले मंडई असे नाव देण्यात आले. क्रॉफर्ड प्रकरणात एकमेकांसमोर उभ्या ठाकलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावाच्या या दोन्ही मंडयांना आज फुले यांचेच नाव आहे.